काळी दोन, जराशी उतरलेली

व्हिडिओतले गुरुजी 'म' वर अडकले,
तोंड उघडं, त्यावर गोल फिरतंय.
बोरीला रेंज अशीच.
घुगेबाईंनी मग सूर मोजायचं ॲप काढलं :
काटा हिरव्यात आला, की लागला.

लेकरांनी दिसेल ते मोजलं.
हापसा. शाळेची घंटा.
हेडसरांची शिंक, तिला काटाच भेदरला.

"बाई, आमची गिरणी?" मुनीर म्हणाला.
भिंतीपलीकडं ज्वारी दळली जात होती.
टॅब खिडकीला धरला.
काळी दोन, जराशी उतरलेली.
"पट्टा ढिला झालाय. अब्बाला सांगतो."

दुसऱ्या दिवशी लाइट उशिरा आली,
टॅब मेलेलाच.
"राहू द्या आज संगीत," बाई म्हणाल्या,
तेवढ्यात गिरणी सुरू झाली
आणि सतरंजीच्या टोकाला
पिठाळ भुवयांचा मुनीर
डोळे मिटून सा लावत होता,
कालच्यापेक्षा
केसभर वर.