तीन वाक्यं

माझ्या यंत्राला तीनच वाक्यं येतात:
कृपया वाट द्या.
आपली वस्तू आली आहे.
धन्यवाद, दिवस चांगला जावो.
चौथं त्याला कुणी शिकवलेलं नाही
आणि मलाही, आठ तासांच्या पाळीत,
चौथं बोलायची मुभा नाही.

मी बसतो टार्टू शहराच्या दुसऱ्या टोकाला,
गरम खोलीत, अकरा पडद्यांसमोर.
सहा चाकं, एक झाकण, काठीवर नारिंगी झेंडा,
गुडघ्याएवढी ही यंत्रं
घरोघरी सामान पोचवत आपापली फिरतात.
बर्फात रुतलं एखादं, की माझ्या कानाशी बारीक घंटी वाजते
आणि तेवढ्यापुरता
मी त्याच्या अंगात येतो.

सुपिलिन्नमध्ये गल्ल्यांना भाज्यांची नावं आहेत:
बटाटा, वाटाणा, घेवडा.
वाटाण्याच्या गल्लीत, रंग उडालेल्या लाकडी घरात
हेल्वे राहते.
दर मंगळवारी राईचा पाव, दूध, खारवलेला मासा.

पहिल्यांदा तिनं नुसता झाकणावरचा बर्फ झाडला,
मुलाच्या टोपीवरचा झाडावा तसा.
पुढच्या खेपेला फावडं आणलं.
चाकांपुढची वाट उकरता उकरता म्हणाली,
"एवढ्या थंडीत तुला पाठवतं तरी कोण?"

मी.
पण ते वाक्य तिन्हींत नव्हतं.
मी दुसरं बटण दाबलं: आपली वस्तू आली आहे.
ती हसली,
जणू हेच उत्तर हवं होतं.

नाव ठेवलंय तिनं, ओटू.
नंबर दर वेळी वेगळा असतो,
ओटू तोच.

इथल्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द,
वस्तूला मात्र वेगळा.
हेल्वे वस्तूचा शब्द कधी वापरत नाही.
शेजारच्या पाच वर्षांच्या उकूनं चाकाला लाथ घातली
तेव्हा ती खिडकीतूनच ओरडली, "लागतं त्याला!"
आणि पोरगा, खरं सांगतो,
उकिडवा बसून चाकाला सॉरी म्हणाला.

लागत नाही. मला माहीत आहे.
आत काय असतं ते मी उघडून पाहिलंय:
बॅटरी, वायरी, जळक्या धुळीचा वास,
एकदा एक मेलेला कोळी.
तरीही पडदा हादरला तेव्हा
खुर्चीखाली माझा पाय आखडला.

फेब्रुवारीत ती बोलायला लागली.
दूध काढून झालं तरी झाकण लावेना.
"एन्देल गेला त्या रात्री मी झोपले होते,
असं सांगितलंय सगळ्यांना.
झोपले नव्हते रे.
त्याचा श्वास ऐकत पडून होते.
उठले नाही."

नियम असा, की वाट मोकळी झाली की माइक बंद करायचा.
वाट केव्हाच मोकळी झाली होती.

मार्चमध्ये कंपनीनं प्रत्येक झाकणावर पट्टी चिकटवली:
या यंत्राला कॅमेरा आहे.
गरजेप्रमाणे आमचा कर्मचारी
पाहू व ऐकू शकतो.

हेल्वेनं आत जाऊन चष्मा आणला.
दोनदा वाचलं.
मग रुमालाखालून सुटलेले केस आत खोचले,
झग्याचं वरचं बटण लावलं,
आणि सरळ कॅमेऱ्यात बघून म्हणाली,
"तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं."

तुम्हाला.
चार महिने मी तू होतो.
चार महिने, मी नव्हतो म्हणून,
ती माझ्याशी बोलत होती.

बोट बटणांवरून फिरत राहिलं,
कृपया वाट द्या
आपली वस्तू
धन्यवाद
काहीच दाबलं नाही.
तिनं पाव घेतला, दूध घेतलं,
झाकण अगदी हलकेच लावलं,
परक्याच्या घराचं दार लावावं तसं.
बर्फ पडत होता. तो तिनं झाडला नाही.

गल्लीच्या तोंडाशी उकू उभा होता.
त्यानं पुढे होऊन, दोन्ही हातमोज्यांनी,
झाकण पुसलं, पट्टीसुद्धा पुसली,
आणि कानात काही सांगावं तसा खाली वाकला.

त्याला अजून वाचता येत नाही.
मी माइक बंद केला.