दोन खाती

कोयनानगरात नांदायला आलेल्या बाईला
रात्री पलंग हलला की
ठरवावं लागतं, कुणाच्या खात्यावर घालायचं.
मांडणीतल्या वाट्या वाजल्या तर जमीन.
नाही वाजल्या तर हे.

वेधशाळेत ड्रमवरचा कागद बदलायची ह्यांची नोकरी.
सुई पुसायची, सकाळची तारीख घालायची.
जमीन झोपेत कितीदा दचकली
ते सगळं ह्यांच्या तिरप्या अक्षरात.
स्वतःचं विचारलं तर
"मी? मी लाकडागत पडतो."

लाकडाला अंगठा नसतो.
ह्यांचा अंगठा आधी वर जायचा,
मग घोटा, मग जरासा गुडघा,
आणि माझ्या पोटरीवर लाथ.
तिच्यात राग नसायचा, पण लाथ ती लाथच.

सासूबाई म्हणायच्या, सदुसष्टची भीती आहे ती.
पाच वर्षांचं पोर,
पहाटे पडक्या भिंतीखालनं
पायाला धरून ओढून काढलं,
तो पाय अजून सुटतोय.
मला पटलं होतं.
एकतीस वर्षं त्या गोष्टीशेजारी झोपले,
लाथ बसली की पाठीवरनं हात फिरवायचे.

यंदा मात्र दिवसाही बसल्या बसल्या डोळे मिटायला लागले.
पाटणच्या एसटीत उभ्यानं पेंगले, खांबाला धरून.
तेव्हा कऱ्हाडला नेलं.

मुजावरांच्या पोरीनं नडग्यांवर, हनुवटीवर, टाळूवर
पांढरा चिकट लेप लावून वायरी डकवल्या.
"झोपा आता काका," म्हणाली,
जसं काही आपल्या हातातलं आहे ते.
मी बाहेर बाकावर. वाट्या नव्हत्या तिथं,
त्यामुळं काही कळत नव्हतं.

सकाळी डॉक्टर मुळीकांनी पडद्यावर रात्र दाखवली.
सर्जेराव विठू शेलार, वय त्रेसष्ट.
हे खुर्ची ओढून वाकले, चष्मा सारखा केला,
दोन शिखरांमधलं अंतर बोटानं मोजलं.
"सव्वीस सेकंद," म्हणाले. "परत सव्वीस. हे अठ्ठावीस."
आणि कामावर असल्यागत विचारलं,
"ह्याचं केंद्र कुठंय?"

डॉक्टर हसले, मग हसायचे थांबले.
झोप लागता लागता खड्ड्यात पडल्यासारखं
अंग उडतं ते वेगळं, म्हणाले,
ते सगळ्यांचंच उडतं, माझंही.
हे रात्रभर चालतंय. दर तासाला चाळीसदा
मेंदूला हलवून जागं करतंय, ह्यांना पत्ता नाही.
मग माझ्याकडे वळून,
स्वप्नात ओरडतात का? कुणाशी मारामारी केल्यासारखे
हात उगारतात का?
नाही, म्हटलं.
माझ्या नाहीनं त्यांना कशापायी हायसं वाटलं
ते विचारायचं धाडस झालं नाही.

भूकंपाचा काही संबंध नाही, बाई.
लोह कमी आहे.

एवढंच?
मला उगीच सासूबाईंसाठी वाईट वाटलं.

पण ह्या वयाच्या पुरुषाचं लोह
असंच कमी होत नाही, ते सावकाश म्हणाले.
आत कुठूनतरी रक्त झिरपत असेल. थेंब थेंब.
दुर्बीण घालून बघू. पुढच्या गुरुवारी.

हे मान डोलवत राहिले.
धरणाच्या पोटातल्या बोगद्यात उतरून
भिंतीला हात लावून बघितलेला माणूस,
झिरपणं म्हणजे काय
त्याला वेगळं सांगायची गरज नव्हती.
परतीच्या एसटीत खिडकीशी बसले,
मल्हारपेठ गेल्यावर एवढंच बोलले,
"कागद नीट लावला होता पोरीनं."

आता काळी गोळी, वरनं लिंबाचं पाणी.
तासभर चहा बंद, त्यावरनं रोज कुरबुर.
गुरुवारला तीन दिवस.

काल रात्री पलंग हलला.
मी डोळे मिटून मोजायला लागले.
एक, दोन, सात,
सव्वीसची वाट बघत,
सव्वीस येऊ नये म्हणत,
आणि दहाच्या आतच मांडणीत
वाटीला वाटी लागली, झाकण पडलं,
शेलारवाडीकडची कुत्री उठली.

जमीन. बाई गं, जमीनच.

"कितीचा होता?" अंधारातनं ह्यांनी विचारलं.
"तीनच्या आतला," मी म्हटलं,
आणि त्यांच्या घोट्यावर पाय टाकून पडून राहिले.