शहरांसाठीची प्रत

तीन तासांचे एकशे साठ डॉलर
आणि गार कॉफी.
वर्डेल टॅकेटने गुडघ्याने कळ दाबली,
स्टील गिटारवरचा एक सूर
ओल्या फडक्यासारखा पिळला.

गाणं अकरा आठवडे पहिलं.
नॅशव्हिलात कुणाच्या भिंतीवर सोन्याची तबकडी,
कुणाच्या परसात पोहायचा तलाव.
मोठ्या शहरांसाठी मग वेगळी प्रत निघाली:
"ते रडकं वाद्य तेवढं काढा."

आज किराणा दुकानात तीच वाजतेय.
दुसऱ्या कडव्यानंतर चार मात्रा
नुसता ड्रम. चकचकीत.

रांगेत पुढे अर्लीन
कुपनं मोजतेय, काखेत अंड्यांचा खोका,
आणि बरोब्बर तिथेच
नाकातल्या नाकात, जरा बेसूर,
त्याचा सूर लावते.

मागे न बघताच म्हणते,
"दूध राहिलं."