डोळ्यांचा रकाना

मी लेथवरचा माणूस, उद्यमनगरात वीस वर्षं.
मापाशिवाय हात चालत नाही माझा.
फॉर्म समोर आला तेव्हा आधी ओळी मोजल्या.
मूत्रपिंडं. बरोबर.
यकृत. बरोबर.
हृदय —
इथं पेन अडलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःचं दिलं.

डोळ्यांवर वैजयंता म्हणाली,
"ते नकोत. घरची वाट दिसाय पायजे त्याला."
कुणी समजूत घातली नाही.
रकाना कोरा राहिला.

पहाटे तावडे हॉटेलपाशी पोलिसांनी रस्ता अडवला.
मेव्हण्याच्या गाडीवर आम्ही तिघं, मागं मागं,
तिथवरच पोचलो.
ॲम्ब्युलन्स पुण्याकडं गेली
बर्फाच्या पेटीएवढा धैर्यशील घेऊन.
शेजारी दुधाचे कॅन लावलेला एक जण वैतागला,
"कोण मंत्री चाललाय ओ एवढ्या सकाळी?"
"आमचा पोरगा," मी म्हणालो.
त्यानं गाडी बंद केली.
रस्ता मोकळा झाला तरी
बराच वेळ सुरू केली नाही.

गोलकीपरचे हातमोजे अजून दोरीवर आहेत.
तालमीच्या पोरांनी मागितले नाहीत,
आम्ही दिले नाहीत.
पत्र आलं एक : तब्येत सुधारते आहे.
नाव नाही, गाव नाही.
वैजयंतानं तीनदा वाचून घेतलं.

काल रात्री भाकरी थापता थापता थांबली,
पीठ हाताला तसंच.
"डोळे दिले असते," म्हणाली,
"तर कुठनं तरी बघितलं असतं की
आपल्याकडं."

तव्यावरची करपायला लागली होती.
मला येत नाही,
तरी मी उलटली.