दोन दशांश

बाईंनी सांगितलंय : सलग तीन तास झोप,
मग उठायच्या, बोलायच्याही आधी
जिभेखाली थर्मामीटर.

रेल्वे क्वार्टरात सलग काय असतं?
पावणेदोनला यांना कॉल. मालगाडी, बडनेरा.
चारला कूलरचं पाणी संपतं.
वहीत आकड्यापुढे कारण लिहिते :
३६.४, कॉल.
३६.९, कूलर.
३६.५, उगीच जागी.

भुसावळ सेहेचाळीसवर गेलं की पेपरात येतं.
मी दोन दशांशांसाठी थांबलेय.
सासूबाईंना वाटतं, कणकण आहे.

काल कॉल आला, तर अंधारातच
यांनी कळण्याची भाकरी बांधून घेतली,
ठेचा सांडत.
"बोलू नको व. साडेदहाला झोपलीस,
तीन तास भरलेत. मोज."

दार लागलं.
'नीट जा' जिभेवरच राहिलं,
नळीला टेकून.