एकशे त्र्याऐंशी

मात्रा: किलोमागे तीनशे मिलिग्रॅम.
वेळ: चोवीस तास. अवयव: यकृत. लिंग: नर.
एवढ्याच ओळखीवर तू माझ्याकडे आलास.

तार्तूत फेब्रुवारी. नदी गोठलीय,
पोरं पूल सोडून तिच्यावरूनच शाळेत जातात.
मी चौथ्या मजल्यावर तुझी जनुकं उतरवून घेतोय,
तीस हजार आकडे, एक पैसा न मोजता.
साप्पोरोत कुणीतरी,
मी अजून पाढे पाठ करत होतो तेव्हा,
वाटेवर पाणपोई घालावी
तशी तुम्हा चारशे उंदरांची फाइल मांडून ठेवली
आणि पेल्याला साखळी लावली नाही.

मला तहान होती एका बुरशीनाशकाची.
तळ्याकाठची कांदेवाली येफ्रोसिन्या
डबा रुमालात बांधून घेऊन आली होती,
डोळ्यांचं पांढरं हळदुलं झालेलं.
याच्यानंच का, विचारत होती.
तुमच्या फाइलीत तेच औषध निघालं, वेगळ्या नावानं.
पण आलेख मचूळ:
गटातले पाच जण ओरडतायत
आणि तू एकटा ढिम्म.

काढून टाक त्याला, वीर्वे म्हणाली.
सोपं होतं. एक ओळ पुसायची.
पण एक जनुक असतं, मादीतच जागं,
नराच्या पेशीत जन्मभर निजलेलं.
तुझ्यात ते टक्क जागं होतं.

म्हणजे उंदीर नव्हे, उंदरीण.
वीर्वे हसली: आमच्यात तो आणि ती, दोघांना एकच शब्द,
तुझ्या भाषेला मात्र सगळी वाक्यं उसवावी लागणार.
वरची क्रियापदं मी बदलत नाही.
खाडाखोड दिसू दे.
इथून पुढे: तू आलीस. तू गप्प होतीस.

मग तुझ्या जागी कोण?
शोधता शोधता एकशे अडतीस. नोंद मादीची, आतून नर.
मराठीत मोठ्यानं म्हटलं असतं
तर त्र्याऐंशी आणि अडतीस कोण चुकेल?
पण बाटलीवर अंक लिहिले
की ८ आणि ३ गुपचूप जागा बदलतात.
अडतीसची मात्रा: शून्य.
तुला विष दिलंच नव्हतं.
(तरी त्याच दिवशी, त्याच टेबलावर.
ताडून पाहायला निरोगी यकृतही लागतं.)

तिसऱ्या पत्राला उत्तर आलं.
यासुए मोरिवाकी, तंत्रज्ञ, आता निवृत्त:
‘लेबलं माझ्याच हातची. हीटर बंद होता,
हातमोज्यांवर हातमोजे चढवले होते.
दर शरदात आम्ही इमारतीमागच्या दगडापुढे वाकायचो,
त्या जिवांसाठी.
मी कुणापुढे कुणासाठी वाकले, आता मोजत बसले आहे.
दुरुस्ती जाहीर करा. माझं नाव घाला.’

घातलं. फाइलीची दुसरी आवृत्ती, पहिलीइतकीच उघडी.
अदलाबदल निस्तरली तसा आलेखाला कणा आला.
पण उंदरांचा कणा, बाईचा नव्हे.
येफ्रोसिन्यासाठी माझ्याकडे
‘बहुतेक’ एवढाच शब्द होता.
तिनं तो ऐकून घेतला, उठली,
दाराच्या कडीला कांद्यांची वेणी अडकवली.
खा, म्हणाली. परसातले आहेत.
यांच्यावर मी काही मारत नाही.