शेरा

तक्त्यात सतरा रकाने होते.
जनावरं किती, त्यांतली दुभती किती,
युरियाच्या गोण्या किती, ओलीवर टाकल्या की कोरड्यात,
शेण उकिरड्यावर किती दिवस.
सतराव्याचं नाव होतं शेरा
आणि तो सगळ्यांत अरुंद.

परभणीला प्रशिक्षणात साहेब म्हणाले,
अमोनिया दिसत नाही, त्याचा अंदाज बांधायचा.
डोकी गुणिले गुणांक.
मागच्या बाकावरून मुनीरनं विचारलं,
गुणांक कुठून आला?
जिथून आला तिथल्या गायी
सहा महिने सिमेंटवर बसतात, बाहेर बर्फ असतो,
असं तळटीपेत होतं. बारीक अक्षरात.

जिंतूरच्या पुढं, हिवरवाडीत
पहिलं घर धुरपताबाई मुंजाजी भुसारे यांचं.
दोन लाल कंधारी गायी, एक म्हैस, कालवड, पाच शेळ्या.
रकाना नववा: जनावर गोठ्यात किती तास?

"पावसाळ्यात का उन्हाळ्यात?"

वर्षाचं सांगा.

"वर्षाचं कसं सांगू बाबा?
मिरगात चिखल, दिवसभर दाव्याला.
दिवाळी झाली की दिवसा रानात.
माघात बाहेर बांधते, कडब्याच्या गंजीपाशी.
आन् बैल गेलेत कारखान्याला, थोरल्यासंगं, कोल्हापुराकडं.
त्यांचं मूत तिकडच्या कागदावर धरा."

तिकडच्या कागदावर ते बैल परभणीचे असणार.
म्हणजे दोन धडधाकट बैल
दोन जिल्ह्यांच्या मधे हवेत विरले,
अमोनियाच्याही आधी.

गोठ्याच्या मेढीला मी पांढरी नळी टांगली.
चौदा दिवसांनी काढायची, हात न लावता.
नवव्या दिवशी फोन:
"शेळीनं खाल्ली. दोरीसकट.
तिला काही व्हणार न्हाई ना?"

अहवालात याला म्हणतात, नमुना अनुपलब्ध.

पुन्हा गेलो तेव्हा पेन खिशात ठेवून विचारलं,
वास कधी येतो?
"पहाटं दार उघडलं की डोळ्याला झोंबतंय.
लई झोंबलं तर तुरीचं भुसकट आंथरते, वरून राख.
कमी झोंबलं तर नुसतं शेण भरते."
म्हणजे यंत्र होतंच त्या घरात,
तीस वर्षं रोज पहाटे चालणारं, पापणीखाली.
भुसकटाला रकाना नव्हता.

शेजारचा रंगनाथ कपाशीत युरिया फेकत होता,
एक मूठ, एक नजर ढगाकडे.
आला तर जमिनीत जाईल, नाही आला तर वर.
मी त्याला सांगितलं किती उडतो.
तो थांबला. घमेलं मांडीला टेकवलं.
"उडतो, म्हंजे कुठंतरी पडत आसंल की.
कुणाच्या रानात पडतो ते लिहिलंय का तुमच्याकडं?"

मी तक्ता उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

सतराव्या रकान्यात मी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं:
भुसकट. राख. बैल बाहेरगावी.
नळी शेळीने खाल्ली. रंगनाथचा प्रश्न.
संगणकावरची मुलगी म्हणाली, सर,
शेरा घेत नाही हे, फक्त अंक घेतं.
मग तिनं शून्य टाकलं, कारण रिकामं सोडलं
तर पुढचं पान उघडत नव्हतं.

देशाची बेरीज झाली. दशांशचिन्हापुढं दोन अंक.
मुनीरनं ते दोन अंक बराच वेळ पाहिले
आणि चहा आणायला गेला.

चैत्रात धुरपताबाईंचा फोन.
"आमचा किती निघाला रे?"
चाळीस किलो, मी म्हणालो, वर्षाला.
कमी-जास्त वीस.

"कमी-जास्त वीस?"
पलीकडे म्हैस ओरडत होती, बादली वाजली.
"दूध आसं मोजलं आसतं
तर डेअरीवाल्यानं दारात हुभं केलं नसतं."

मग थोडं थांबून,
"बैल आलेत परवा. लिहून घे."